अमेरिकेतील राज्यस्तरीय आरोग्यविमा बाजारपेठांचे पूर्वसंशोधन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी ‘पेशंट प्रोटेक्शन अँड अफोर्डेबल केअर ॲक्ट’ या कायद्यावर स्वाक्षरी केली. ‘ओबामाकेअर’ या नावाने तो जगभर परिचित आहे. या कायद्याने प्रत्येक राज्यात आरोग्यविम्याची एक बाजारपेठ उभारण्याची तरतूद केली. प्रारंभी तिला ‘एक्स्चेंज’ म्हणत. पुढे ‘मार्केटप्लेस’ हे नाव रूढ झाले. ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही अशा व्यक्तींनी आणि लहान व्यावसायिकांनी निरनिराळ्या कंपन्यांच्या योजना एकाच ठिकाणी पाहाव्यात, त्यांची तुलना करावी, व्यक्तीचे उत्पन्न कमी असल्यास हप्त्यावर सरकारी सवलत मिळावी, अशी ही कल्पना होती. ही बाजारपेठ राज्याने स्वतः चालवावी; राज्याने ती न उभारल्यास केंद्र सरकारने त्या राज्यापुरती चालवावी, असे कायद्याचे सूत्र होते.

या बाजारपेठांविषयी पुढील काळात विपुल लेखन झाले. त्यातील बहुतेक लेखन २०१३ मध्ये कोसळलेले संकेतस्थळ, न्यायालयीन लढाया आणि पक्षीय संघर्ष यांभोवती फिरते. त्याआधीचा सुमारे दोन वर्षांचा नियोजनाचा टप्पा मात्र इतिहासकारांच्या फारसा नजरेत आलेला नाही. ३० सप्टेंबर २०१० रोजी केंद्रीय आरोग्य व मानवसेवा विभागाने ४८ राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टनचा कोलंबिया जिल्हा यांना मिळून सुमारे ४ कोटी ९० लाख डॉलरचे नियोजन अनुदान जाहीर केले. प्रत्येक राज्याला कमाल १० लाख डॉलर मिळणार होते. प्रारंभी अलास्का आणि मिनेसोटा या दोनच राज्यांनी ते घेतले नाही. या अनुदानातून करावयाच्या कामांत अग्रभागी असलेला विषय ‘पार्श्वभूमी संशोधन’ हा होता. राज्यात विमा नसलेले लोक किती, ते कोण, त्यांचे उत्पन्न काय, विमा कंपन्या किती, हप्ते किती आणि बाजारपेठ उभी राहिल्यास या सर्वांत कोणता बदल होईल, हे आधी शोधून काढावयाचे होते.

धोरणपूर्व अहवाल हे इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन होय. पुढे काय घडले हे माहीत नसताना ते लिहिलेले असतात आणि म्हणून लिहिणाऱ्यांनी काय गृहीत धरले होते ते त्यांतून स्वच्छ दिसते. प्रस्तुत निबंधात या पूर्वसंशोधनाचा मागोवा घेतला आहे. या अहवालांनी माणसे फार काळजीपूर्वक मोजली, परंतु अतिगरीब प्रौढांचा एक वर्ग त्यांच्या कोष्टकांत विमाविरहित म्हणून उरलाच नाही. कारण तो रकाना रिकामाच राहील असे मूळ कायद्यानेच ठरवून टाकले होते. असे येथील मुख्य प्रतिपादन आहे.

बाजारपेठेच्या कल्पनेचा पूर्वेतिहास

विम्याची संघटित बाजारपेठ ही कल्पना २०१० मध्ये नवी नव्हती. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९५९ मध्ये कायदा होऊन १९६० पासून जी आरोग्यविमा योजना सुरू झाली, तिच्यात कर्मचाऱ्याला दरवर्षी अनेक खासगी योजनांमधून निवड करता येत असे व सरकार हप्त्याचा काही भाग भरत असे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ ॲलन एन्थोव्हेन यांनी १९७८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकातून हीच कल्पना राष्ट्रव्यापी स्वरूपात मांडली. पुढे तिला ‘मॅनेज्ड कॉम्पिटिशन’, म्हणजे नियमांच्या चौकटीतील स्पर्धा, असे नाव मिळाले. एन्थोव्हेन हे त्यापूर्वी मॅक्नामारा यांच्या कारकिर्दीत संरक्षण खात्यात पद्धतशीर विश्लेषणाचे काम करीत होते. आकड्यांच्या आधारे धोरण आखता येते हा त्यांचा विश्वास तेथूनच आलेला असावा.

१९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या योजनेत ‘हेल्थ अलायन्स’ या नावाने ही कल्पना पुन्हा आली आणि १९९४ मध्ये त्या योजनेबरोबरच बारगळली. परंतु त्याच सुमारास काही राज्यांनी स्वतःच्या बळावर प्रयोग केले. त्यांतील कॅलिफोर्नियाचा प्रयोग सर्वांत बोधप्रद आहे. जुलै १९९३ मध्ये तेथे लहान उद्योगांसाठी ‘हेल्थ इन्शुरन्स प्लॅन ऑफ कॅलिफोर्निया’ ही सामुदायिक खरेदी-व्यवस्था सुरू झाली. प्रारंभी ती राज्य सरकारचे एक मंडळ चालवीत असे. १९९९ मध्ये ती उद्योजकांच्या एका संघटनेकडे सोपविण्यात आली आणि ‘पॅकॲडव्हान्टेज’ या नावाने चालू राहिली. २००६ च्या अखेरीस ती बंद पडली. कारण साधे होते. निरोगी कामगार असलेल्या उद्योगांना बाहेरच्या बाजारात स्वस्त विमा मिळे. आजारी कामगार असलेले उद्योग या व्यवस्थेत येत. त्यामुळे आतले हप्ते चढत गेले, कंपन्या बाहेर पडू लागल्या आणि शेवटी विकण्यासारखे काही उरले नाही. टेक्सास आणि फ्लोरिडा येथील तत्सम व्यवस्थाही त्याआधीच बंद झाल्या होत्या.

२०१० च्या कायद्यावर या अपयशांची छाप स्पष्ट दिसते. बाजारपेठेच्या आत आणि बाहेर सारखेच नियम असावेत, एका कंपनीचे आतले व बाहेरचे वैयक्तिक ग्राहक हप्ता ठरविताना एकच समूह मानावेत, आणि ज्या कंपनीकडे अधिक आजारी ग्राहक येतील तिला इतर कंपन्यांकडून भरपाई मिळावी, या तीनही तरतुदी अनुभवातून आलेल्या आहेत.

मोजणीचा प्रश्न

विमा नसलेल्यांची संख्या किती, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. जनगणना विभागाच्या ‘करंट पॉप्युलेशन सर्व्हे’ या पाहणीवरून सप्टेंबर २०१० मध्ये जो आकडा प्रसिद्ध झाला, त्यानुसार २००९ या वर्षी अमेरिकेत ५ कोटी ७ लाख लोक विम्याविना होते. लोकसंख्येशी त्यांचे प्रमाण १६.७ टक्के होते. वृत्तपत्रांतून व भाषणांतून हाच आकडा वापरला जाई. परंतु राज्याच्या नियोजनासाठी त्याचा उपयोग मर्यादित होता. ही पाहणी फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत होत असे आणि तीत प्रश्न विचारला जाई तो मागील संपूर्ण कॅलेंडर वर्षाविषयी. त्या वर्षात एकही दिवस विमा नव्हता त्यालाच विमाविरहित मानावयाचे, असा तिचा नियम होता. प्रत्यक्षात अनेक जण मागील वर्षाऐवजी आजची स्थिती सांगत. शिवाय गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेला राज्याराज्यांत वेगवेगळी नावे होती. योजनेत नाव असूनही आपण ‘मेडिकेड’मध्ये आहोत हे कित्येकांच्या ध्यानी येत नसे. परिणामी पाहणीत आढळणारी मेडिकेड लाभार्थ्यांची संख्या सरकारी नोंदींपेक्षा नेहमीच कमी भरे. संशोधकांनी या त्रुटीला ‘मेडिकेड अंडरकाउंट’ असे नाव दिले आणि तिच्यावर स्वतंत्र अभ्यास झाले.

छोट्या राज्यांची अडचण आणखी वेगळी होती. राष्ट्रीय नमुन्यात त्यांच्या वाट्याला येणारी कुटुंबे इतकी थोडी असत की एका वर्षाचा आकडा विश्वासार्ह ठरत नसे. दोन-तीन वर्षांची सरासरी काढावी लागे. म्हणून २००० पासून केंद्रीय आरोग्य विभागाच्या ‘हेल्थ रिसोर्सेस अँड सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन’ या यंत्रणेने राज्यांना स्वतःच्या कुटुंब-पाहण्या करण्यासाठी नियोजन अनुदाने देण्यास प्रारंभ केला. त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठात ‘शॅडॅक’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे केंद्र स्थापन झाले. राज्यांना पाहणीची प्रश्नावली, नमुना आणि विश्लेषण यांत मदत करणे हे त्याचे काम होते. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाने २००१ पासून राज्याची स्वतंत्र आरोग्य पाहणी सुरू केली. २००८ पासून ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’ या कितीतरी मोठ्या पाहणीतही विम्याविषयीचा प्रश्न समाविष्ट झाला आणि जिल्हापातळीपर्यंतचे अंदाज बांधणे शक्य झाले. २०१० मध्ये राज्ये नियोजनाला बसली तेव्हा त्यांच्या हाती जी सामग्री होती ती या दहा वर्षांच्या खटाटोपातून तयार झालेली होती. तिचे श्रेय ज्यांना द्यावयास हवे ते संख्याशास्त्रज्ञ आणि दूरध्वनीवरून प्रश्न विचारणारे पगारी कर्मचारी कोणत्याही राजकीय इतिहासात सापडत नाहीत.

मॅसॅच्युसेट्सचा आदर्श

पूर्वसंशोधनातून कायदा आणि कायद्यातून बाजारपेठ, असा सरळ प्रवास एकाच राज्यात झाला. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘ब्ल्यू क्रॉस ब्ल्यू शील्ड’ या विमा संस्थेच्या प्रतिष्ठानाने वॉशिंग्टनच्या अर्बन इन्स्टिट्यूटकडून ‘रोडमॅप टू कव्हरेज’ ही अभ्यासमालिका करवून घेतली. विमा नसलेल्यांच्या उपचारांवर राज्यात आधीच किती पैसा खर्च होत आहे, हे त्यातील पहिल्या अभ्यासाने दाखवून दिले. वर्षाला १ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम या ना त्या मार्गाने रुग्णालयांपर्यंत जात होती. ‘विमा दिला तर खर्च वाढेल’ या आक्षेपाला यामुळे परस्पर उत्तर मिळाले. त्याच वेळी केंद्राकडून मिळणारे वार्षिक ३८ कोटी ५० लाख डॉलर गमावण्याची वेळ राज्यावर आली होती. व्यवस्था बदलली तरच तो निधी चालू राहणार होता. संशोधन आणि निकड यांची अशी गाठ पडली. रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी १२ एप्रिल २००६ रोजी बोस्टनच्या ऐतिहासिक फॅन्युइल हॉलमध्ये कायद्यावर स्वाक्षरी केली आणि ‘कनेक्टर’ ही बाजारपेठ जन्माला आली. तिच्या कल्पनेला पुराणमतवादी ‘हेरिटेज फाउंडेशन’चा पाठिंबा होता, ही गोष्ट पुढील काळातील वादात दोन्ही पक्षांना अडचणीची ठरली.

येथेही मोजणीचा घोळ होताच. राज्याच्या स्वतःच्या २००६ च्या पाहणीनुसार विमा नसलेल्यांचे प्रमाण सुमारे ६ टक्के होते, तर जनगणना विभागाच्या आकड्यांनुसार सुमारे १० टक्के. सवलतीच्या योजनेसाठी लागणारी तरतूद यांपैकी कोणत्या आकड्यावर बेतावयाची, हा प्रश्न निव्वळ शास्त्रीय नव्हता. दुसरा अभ्यास मात्र अधिक काटेकोर होता. वैयक्तिक ग्राहक आणि लहान उद्योग यांचे दोन वेगळे बाजार एकत्र केल्यास काय होईल, हे पाहण्याचे काम ‘गॉर्मन ॲक्च्युअरियल’ या विमागणिती संस्थेकडे देण्यात आले. वैयक्तिक हप्ते सुमारे १५ टक्क्यांनी उतरतील आणि लहान उद्योगांचे हप्ते १ ते दीड टक्क्याने चढतील, असा अंदाज डिसेंबर २००६ मध्ये तिने दिला. तो पाहून जुलै २००७ मध्ये दोन्ही बाजार एकत्र करण्यात आले. कोणाला किती लाभ आणि कोणावर किती भार, हे आधी सांगून मग निर्णय घेण्याचे इतके स्वच्छ उदाहरण पुढे क्वचितच आढळते.

२०१० ते २०१२ : अहवालांचा काळ

नियोजन अनुदान मिळाल्यावर बहुतेक राज्यांनी हे काम बाहेरच्या संस्थांकडे सोपविले. मिलिमन, मर्सर, वेकली, लेविन ग्रुप, अर्बन इन्स्टिट्यूट ही नावे राज्यामागून राज्याच्या अहवालांवर आढळतात. एमआयटीचे अर्थतज्ज्ञ जोनाथन ग्रुबर यांनी मॅसॅच्युसेट्ससाठी प्रतिमान तयार केले होते, केंद्र सरकारला सल्ला दिला होता, आणि आता विस्कॉन्सिन, मिनेसोटा, कोलोराडो अशा राज्यांच्या अंदाजांतही त्यांचेच प्रतिमान वापरले गेले. पन्नास राज्यांचे पन्नास स्वतंत्र अभ्यास झाले असे वरून दिसत असले, तरी त्यांच्या तळाशी मोजकी चार-पाच संगणकीय प्रतिमाने होती. गृहीतके एकसारखी असल्याने चूक झाली असती तर तीही सर्वत्र एकसारखी झाली असती.

या काळातील सर्वांत मोलाचा शोध मात्र एका नियतकालिकातील लेखातून पुढे आला. बेंजामिन सॉमर्स आणि सारा रोझेनबॉम यांनी फेब्रुवारी २०११ च्या ‘हेल्थ अफेअर्स’मध्ये गरीब प्रौढांच्या उत्पन्नातील चढउतारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कायद्याने दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना मेडिकेड आणि त्यावरील, ४०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना बाजारपेठेतील सवलत, अशी रेषा आखली होती. कागदावर ही रेषा स्थिर होती. माणसांचे उत्पन्न स्थिर नव्हते. दारिद्र्यरेषेच्या दुपटीहून कमी उत्पन्न असलेल्या प्रौढांपैकी ३५ टक्क्यांहून अधिक लोक सहा महिन्यांच्या आत, आणि निम्मे म्हणजे सुमारे २ कोटी ८० लाख लोक वर्षभरात, ही रेषा एका बाजूने दुसऱ्या बाजूला ओलांडतील, असे या लेखकांनी दाखविले. हंगामी मजूर, उपाहारगृहातील वाढपी, तासांवर काम करणाऱ्या परिचारिका सहायक यांच्या बाबतीत याचा अर्थ असा की दिवाळीला जो डॉक्टर तो होळीला नाही. राज्यांच्या अहवालांमध्ये या ये-जा करणाऱ्या लोकसंख्येवर त्यानंतर स्वतंत्र प्रकरणे दिसू लागतात. दारिद्र्यरेषेच्या दुपटीपर्यंतच्या लोकांसाठी राज्याने स्वतःची ‘बेसिक हेल्थ प्रोग्राम’ ही योजना काढावी, ही कायद्यातील दुर्लक्षित तरतूद यामुळेच चर्चेत आली. मिनेसोटाने २०१५ मध्ये आणि पाठोपाठ न्यूयॉर्कने ती अमलात आणली. पूर्वसंशोधनातून थेट धोरण घडल्याचे हे उदाहरण होय.

अहवाल आणि निर्णय

संशोधन झाले म्हणजे निर्णय त्यानुसार होतो, असे मात्र घडले नाही. कॅलिफोर्नियाने अभ्यास पुरे होण्याची वाट न पाहता, नियोजन अनुदान जाहीर झाले त्याच दिवशी, ३० सप्टेंबर २०१० रोजी, आपला कायदा केला. रिपब्लिकन गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी त्यावर स्वाक्षरी केली. उलट विस्कॉन्सिनचा अहवाल ऑगस्ट २०११ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा उपयोग दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने केला. वैयक्तिक बाजारातील हप्ते सवलतीपूर्वी सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास वाढतील, हे विरोधकांनी उचलले. विमा नसलेल्यांची संख्या मोठ्या प्रमाणात घटेल, हे समर्थकांनी. दोन्ही विधाने त्याच अहवालात होती.

फेब्रुवारी २०११ मध्ये केंद्राने संगणकीय यंत्रणेत आघाडी घेण्यासाठी सात अनुदाने मिळून सुमारे २४ कोटी १० लाख डॉलर दिले होते. त्यांपैकी ओक्लाहोमाने ५ कोटी ४६ लाख डॉलर एप्रिल २०११ मध्ये, कॅन्ससने ३ कोटी १५ लाख डॉलर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणि विस्कॉन्सिनने सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर जानेवारी २०१२ मध्ये परत केले. कॅन्ससच्या विमा आयुक्त सँडी प्रेगर या रिपब्लिकन असूनही राज्याने स्वतःची बाजारपेठ उभारावी या मताच्या होत्या. त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी तो मार्ग बंद केला.

मिसिसिपीची कथा याहून विलक्षण आहे. तेथील विमा आयुक्त माइक चेनी हेही रिपब्लिकन. कायदा आपल्याला आवडो वा न आवडो, राज्याचा बाजार राज्याच्याच हाती राहावा, या भूमिकेतून त्यांनी तयारी चालविली. नवा कायदा विधिमंडळात मंजूर होत नाही असे पाहून त्यांनी गंभीर आजार असलेल्यांसाठी आधीपासून असलेल्या विमा-मंडळाचा कायदेशीर आधार घेतला आणि ‘वन, मिसिसिपी’ या नावाने बाजारपेठेची उभारणी सुरू केली. गव्हर्नर फिल ब्रायंट यांचा तिला विरोध होता. बाजारपेठ आणि मेडिकेड यांच्या नोंदी परस्परांशी जोडल्या गेल्याशिवाय व्यवस्था चालू शकत नव्हती, आणि मेडिकेड गव्हर्नरांच्या अखत्यारीत होते. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्राने मिसिसिपीचा अर्ज नाकारला. राज्याने स्वतःहून मागितलेली बाजारपेठ केंद्राने नाकारल्याचे हे एकमेव उदाहरण आहे. अमेरिकेतील अत्यंत गरीब राज्यांपैकी एका राज्यात तयार झालेली व्यवस्था एका सहकार्याच्या पत्राअभावी पडून राहिली.

१ ऑक्टोबर २०१३ रोजी नोंदणी सुरू झाली तेव्हा १६ राज्ये आणि राजधानीचा जिल्हा यांच्याच स्वतःच्या बाजारपेठा होत्या. उर्वरित ३४ राज्यांत, त्यांतील ७ राज्यांशी भागीदारी करून, केंद्राला हे काम पाहावे लागले. इतक्या राज्यांचा भार केंद्रावर पडेल असे कायदा करणाऱ्यांच्या मनात नव्हते.

रिकामा रकाना

याहून खोल आघात त्याआधीच झाला होता. २८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. परंतु मेडिकेडचा विस्तार न केल्यास राज्याचे सर्व मेडिकेड अनुदान बंद करण्याची धमकी घटनाबाह्य आहे, असा निर्णय सातविरुद्ध दोन मतांनी दिला. विस्तार करणे आता राज्याच्या इच्छेवर अवलंबून राहिले.

कायद्यातील सवलतीचे कलम येथे महत्त्वाचे ठरते. बाजारपेठेतील सवलत दारिद्र्यरेषेच्या १०० टक्क्यांपासून सुरू होत होती. त्याखालील सर्व प्रौढ मेडिकेडमध्ये असतील, म्हणून त्यांना सवलतीची गरजच नाही, असा हिशेब होता. या निर्णयापूर्वी लिहिलेले राज्यांचे अहवाल याच हिशेबावर उभे होते. दारिद्र्यरेषेखालील प्रौढ त्यांच्या कोष्टकांत ‘मेडिकेड’ या मथळ्याखाली जात. बाजारपेठेच्या कोष्टकात त्यांचा रकाना रिकामा असे. ही संशोधकांची हयगय नव्हती. कायदा जसा होता तसा त्यांनी तो प्रतिमानात घातला होता. तथापि विस्तार न झाल्यास काय, असा पर्यायी अंदाज देणे अशक्यही नव्हते. मेडिकेडविषयीचा दावा मार्च २०१० मध्येच दाखल झालेला होता, आणि तरीही तो अंदाज कोणी मागितला नाही.

या रकान्यात नेमके काय शिरले, ते एका हिशेबावरून ध्यानात येईल. २०१४ च्या सवलतींसाठी एकट्या व्यक्तीची दारिद्र्यरेषा ११,४९० डॉलर मानली होती. टेक्सासमध्ये वर्षाला १२,००० डॉलर मिळविणाऱ्या अपत्यहीन कामगाराला बाजारपेठेत मध्यम प्रतीच्या प्रमाण योजनेसाठी उत्पन्नाच्या २ टक्के, म्हणजे वर्षाला २४० डॉलर, महिन्याला २० डॉलर भरावे लागत. त्याच्याच शेजारी राहणाऱ्या आणि १०,००० डॉलर मिळविणाऱ्या कामगाराला सवलत शून्य होती. संपूर्ण हप्ता त्याच्या माथी होता. टेक्सासमध्ये अपत्यहीन सुदृढ प्रौढाला उत्पन्न कितीही कमी असले तरी मेडिकेड मिळत नव्हते. अधिक गरीब म्हणून अधिक महाग, असा हा उफराटा न्याय होता. त्यातही एक विसंगती होती. कायदेशीररीत्या नव्याने आलेल्या स्थलांतरितांना पहिली पाच वर्षे मेडिकेड मिळत नसल्यामुळे त्यांच्यासाठी मूळ कायद्यात १०० टक्क्यांखालीही सवलत ठेवलेली होती. त्यामुळे विस्तार न करणाऱ्या राज्यांत नुकत्याच आलेल्या गरीब स्थलांतरिताला जे मिळे ते तितक्याच गरीब नागरिकाला मिळत नसे. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या २०१३-१४ मधील अंदाजांनुसार या पोकळीत सुमारे ५० लाख प्रौढ सापडले होते. त्यांतील फार मोठा वाटा टेक्सास, फ्लोरिडा आणि जॉर्जिया या दक्षिणेकडील राज्यांचा होता. ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’नुसार २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये विमा नसलेल्यांचे प्रमाण ३.७ टक्के, तर टेक्सासमध्ये २२.१ टक्के होते.

विस्कॉन्सिनने येथे वेगळा मार्ग काढला. त्या राज्याने विस्तार नाकारला, परंतु २०१४ पासून आपल्या ‘बॅजरकेअर’ योजनेत दारिद्र्यरेषेपर्यंतच्या सर्व प्रौढांना घेतले. वरच्या लोकांना बाजारपेठेची सवलत होतीच. त्यामुळे विस्तार न करताही तेथे ही पोकळी निर्माण झाली नाही. दोन योजनांच्या सीमा कोठे जुळतात हे पाहण्याची सवय त्या राज्याला पूर्वीच्या अभ्यासांमुळे लागली होती, असे म्हणण्यास वाव आहे.

उत्तरकाळ

संगणकीय यंत्रणांच्या अपयशाची कथा सर्वश्रुत असल्याने तिचा विस्तार येथे केलेला नाही. ओरेगनने सुमारे ३० कोटी डॉलर खर्चूनही एकाही नागरिकाची नोंदणी संकेतस्थळावरून पूर्णपणे होऊ शकली नाही आणि २०१४ मध्ये ते राज्य केंद्राच्या संकेतस्थळावर गेले. मेरिलँडने कनेक्टिकटची यंत्रणा घेतली. आदर्श मानल्या गेलेल्या मॅसॅच्युसेट्सचे नवे संकेतस्थळही बंद पडले. राज्यांना या कामासाठी मिळालेली केंद्रीय अनुदाने ५ अब्ज डॉलरहून अधिक होती.

केंटकीचा अनुभव मात्र नोंदविण्याजोगा आहे. गव्हर्नर स्टीव्ह बेशियर यांनी २०१२ मध्ये विधिमंडळाला वगळून केवळ आदेशाने ‘कायनेक्ट’ ही बाजारपेठ स्थापन केली आणि ती पहिल्या दिवसापासून नीट चालली. त्यांच्या नंतरचे गव्हर्नर मॅट बेव्हिन यांनी २०१६ अखेर ती बंद केली. बेशियर यांचे पुत्र अँडी बेशियर गव्हर्नर झाल्यावर २०२२ या विमावर्षासाठी ती पुन्हा सुरू झाली. आदेशाने आलेली संस्था आदेशाने जाते आणि आदेशानेच परतते, हे येथे दिसून येते.

सॉमर्स आणि रोझेनबॉम यांनी वर्तविलेली ये-जा कशी थांबविता येईल, याचा एक अनियोजित प्रयोग पुढे कोविडच्या साथीत घडला. मार्च २०२० मध्ये केलेल्या तरतुदीनुसार राज्यांना वाढीव केंद्रीय निधी हवा असल्यास मेडिकेडमधून कोणालाही काढून टाकता येत नव्हते. ही तरतूद मार्च २०२३ अखेर संपली. या तीन वर्षांत मेडिकेड आणि बालकांची संलग्न योजना यांतील लोकांची संख्या सुमारे ७ कोटींवरून ९ कोटींच्या वर गेली. त्यानंतर राज्यांनी पुन्हा पडताळणी सुरू केली, तेव्हा लाखो लोक बाहेर पडले. त्यांतील अनेक जण उत्पन्न वाढल्यामुळे नव्हे, तर कागदपत्रे वेळेत न पोहोचल्यामुळे बाहेर पडले.

दरम्यान राज्ये एकामागून एक स्वतःच्या बाजारपेठांकडे वळू लागली होती. नेवाडा २०२० या विमावर्षापासून, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी २०२१ पासून, व्हर्जिनिया २०२४ पासून स्वतःचे संकेतस्थळ चालवू लागले. १ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘जॉर्जिया ॲक्सेस’ ही जॉर्जियाची बाजारपेठ सुरू झाली. २०१० चे नियोजन अनुदान घेणाऱ्या ४८ राज्यांत जॉर्जिया होतेच. मेडिकेडचा पूर्ण विस्तार मात्र त्या राज्याने तोवर केलेला नव्हता. दारिद्र्यरेषेखालील प्रौढांसाठी जुलै २०२३ पासून ‘पाथवेज’ ही मर्यादित योजना होती, आणि तिच्यात प्रवेश हवा असल्यास महिन्याला ८० तास काम किंवा तत्सम उपक्रम केल्याचा पुरावा द्यावा लागत असे. जॉर्जियाच्या नव्या संकेतस्थळावर वर्षाला १०,००० डॉलर मिळविणाऱ्या, परंतु ८० तासांचा पुरावा देऊ न शकणाऱ्या नागरिकाने २०२५ साठीचा अर्ज भरला असता, तर त्याला सर्व योजनांचे हप्ते दिसले असते. सवलतीच्या जागी शून्य.